आवाज बेअरिंगचाच आहे का, ते आधी बघ

गाडी ताशी साठ किलोमीटरच्या पुढे गेली की चाकाकडून येणारी घूं-घूं वाढते, म्हणून लगेच चाकाचं बेअरिंग मागवू नकोस. टायर वेडेवाकडे झिजले तरी अगदी असाच आवाज येतो. पुढचे टायर मागे टाकून बघ. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात गाडी हलकेच डावीकडे घे. तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर.

मग गाडी जॅकवर घे, पण खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालायचा नाही. चाक वर-खाली धरून हलव. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग. खेळ गेला तर बहुतेक बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट (चाकाचा भाग सस्पेन्शनला जोडणारा सांधा) बघ. आणि खेळ नाही म्हणजे बेअरिंग ठीक, असंही नाही. एक हात चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरव. बेअरिंगची खरखर थेट बोटांना कळते. मला हीच चाचणी सगळ्यात भरवशाची वाटते.

बसवताना हातोडा अजिबात नको. स्टिअरिंग नकल (चाकामागचा, बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) काढून प्रेस मशीनवाल्याकडे ने. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) दाबताना आतल्या रिंगला खालून आधार. हे चुकलं तर दाब बेअरिंगमधल्या गोळ्यांवर जातो आणि नवं बेअरिंगही लवकरच आवाज करायला लागतं. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बेअरिंगच्या चुंबकी सीलची बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच हवी. अ‍ॅक्सलचा नट नवा घे, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळायच्या ठरलेल्या जोराने) आवळ.