बोडोनी बोल्ड लावायच्या आधी जरा थांब
अरे भावा, बोडोनी बोल्ड हा इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट रुबाबदार आहे मान्य, जाड दांडे नि केसासारख्या बारीक रेषा, १८व्या शतकात इटलीत पार्माला जांबात्तिस्ता बोडोनीने कोरलेल्या अक्षरांवरून आलाय तो, पण म्हणून सगळीकडे लावू नकोस. मासिकाचं हेडिंग, ज्वेलरची पाटी, मोठ्या साइजला मस्तच. बारीक मजकुराला नको, काळ्यावर पांढरा तर अजिबातच नको, शाई पसरते आणि बारीक रेषा बुजतात. मी घोडबंदर रोडसाठी एक फ्लेक्स केलेला, लांबून नुसते उभे दांडे, छोटा ई (e) वाचायला गेलं की सी (c) दिसायचा, क्लायंटने जाम झापलं. आता आधी ए४वर प्रिंट काढून लांबून बघतो. आणि शेजारी देवनागरी असेल तर जाड-बारीक फरकवालंच घे.