‘फुल स्कॉलरशिप’ मिळेल का हो सर? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांची अर्धी थप्पी एकाच विषयावर आलीय, त्यामुळे गुडघेदुखी, बूट, डाएट हे सगळं पुढच्या अंकात. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते, आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात, एवढं लक्षात ठेवा म्हणजे नेटवर भलतंच काही वाचत बसणार नाही.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, मुंबईत शालेय लीग खेळतो, चांगला स्ट्रायकर आहे. एक एजंट म्हणतो चार लाख द्या, अमेरिकेत शंभर टक्के स्कॉलरशिप करून देतो. द्यावेत का?
— एक आई, ठाणे

ताई, चार लाख बँकेतच राहू द्या. शंभर टक्के हा शब्द ऐकला की सावध व्हायचं, कारण ती गॅरंटी एजंट देऊच शकत नाही, पैसे कोच देतो आणि कोचला पोरगा आवडला तरच देतो. एनसीएएचा, म्हणजे तिकडचे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या मोठ्या संघटनेचा, नियमही आहे की अशी सर्व्हिस ठरावीक फी घेऊ शकते, पण पोराला अमुक कॉलेजमध्ये घुसवलं किंवा एवढी स्कॉलरशिप मिळवली म्हणून त्यावर पैसे घेता येत नाहीत.

आता हिशोब बघा. एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या, मुलांच्या टीमला कित्येक वर्षं 9.9 स्कॉलरशिपची मर्यादा होती, आणि टीममध्ये पोरं पंचवीस-तीस, म्हणजे कोच ते पैसे वाटून द्यायचा, कुणाला अर्धे, कुणाला पाव, कुणाला नुसती पाठीवर थाप. 2025 च्या जूनमध्ये कोर्टातल्या एका मोठ्या सेटलमेंटनंतर ती मर्यादा गेली, आणि जी कॉलेजं त्यात सामील झाली तिथे आता जास्तीत जास्त 28 खेळाडूंचं रोस्टर, म्हणजे टीमची यादी, ठेवायचं, स्कॉलरशिप त्यातल्या कितीही जणांना देता येते. पण देता येते म्हणजे देतातच असं नाही ना, पैसे कॉलेजच्या खिशातून जातात. त्याखालच्या डिव्हिजन टूमध्ये मुलांच्या टीमला 9, एनएआयए नावाच्या दुसऱ्या, छोट्या कॉलेजांच्या संघटनेत 12, आणि तिथेही वाटावाटीच चालते.

समजा कॉलेजचा वर्षाचा सगळा खर्च 50 हजार डॉलर आहे आणि कोचने 40 टक्के दिले. ऐकायला झकास वाटतं, पण उरलेले 30 हजार डॉलर तुमचे, डॉलर 85 रुपये धरला तरी वर्षाला साडेपंचवीस लाख. वर ती स्कॉलरशिप बहुतेक ठिकाणी एकेका वर्षाची, दरवर्षी रिन्यू होते. राहण्या-जेवणाच्या भागावर अमेरिकेत टॅक्सही लागतो, परदेशी विद्यार्थ्याचा साधारण 14 टक्के कापून घेतात, हे एजंट कधी सांगत नाहीत. आणि व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे उरलेले पैसे बँकेत दाखवावे लागतात.

म्हणून मुलाचे मार्क वाढवा. खेळाची 40 टक्के आणि अभ्यासाची मेरिट स्कॉलरशिप अशी जोडी बऱ्याच ठिकाणी लावता येते, आणि आपल्या पोरांचं काम निम्म्या वेळा त्या दुसऱ्या भागावरच होतं. कोचलाही बरं पडतं, त्याचं बजेट वाचतं.

प्रश्न : सर मी 17 वर्षांचा, अकरावी कॉमर्स, गणित सोडलंय. तालमीच्या टीमकडून खेळतो, सीझनला थोडं मानधन मिळतं. बारावीनंतर दोन वर्षं फक्त फुटबॉल खेळून मग अमेरिकेला ट्राय केलं तर?
— कोल्हापूर

भावा, तू एका पत्रात तीन खड्डे खणलेस. शाहू स्टेडियमवर मॅचला उसळणारी गर्दी बघितली की वाटतं आता जग आपलंच, मला माहितीय, पण नीट वाच.

गणित : एनसीएएला नववीपासून बारावीपर्यंतचे 16 मुख्य विषय लागतात, इंग्रजी, गणित, सायन्स, सोशल सायन्स वगैरे, आणि डिव्हिजन वनसाठी त्यात तीन वर्षांचं गणित. दहावीनंतर सोडलंस तर हातात नववी-दहावीचीच दोन वर्षं राहतात. अजून विषय बदलता येत असेल तर आजच कॉलेजमध्ये जाऊन विचार. सरासरी ग्रेड त्यांच्या 4 पॉइंटच्या स्केलवर डिव्हिजन वनला 2.3 आणि टूला 2.2 लागते, ते काही अवघड नाही. एसएटी ही तिकडची प्रवेशपरीक्षा एनसीएएच्या पात्रतेसाठी 2023 पासून लागत नाही, कॉलेज स्वतःच्या अ‍ॅडमिशनला मागू शकतं. आपल्याकडे शाळा वेगळी आणि ज्युनिअर कॉलेज वेगळं, त्यामुळे नववीची मार्कशीट शाळेतून आत्ताच घेऊन ठेव, नंतर शिपाई कपाटाची किल्ली शोधत बसतो.

मानधन : नियम असा की खेळायला प्रत्यक्ष जो खर्च येतो, प्रवास, किट, जेवण, तेवढं चालतं, त्याहून जास्त पैसे घेतलेस तर हौशी खेळाडूचा दर्जा अडचणीत येतो. काय घेतलंस, कशासाठी घेतलंस ते लिहून ठेव, एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या ऑफिसच्या, फॉर्ममध्ये खरं सांग, आणि यापुढे कुठल्याही क्लबच्या कागदावर सही करायच्या आधी दहादा वाच.

दोन वर्षं थांबणं : बारावीनंतर एक वर्ष सूट आहे, पण त्यापुढे टीमकडून मॅचेस खेळत राहिलास तर डिव्हिजन वनमध्ये दरवर्षी कॉलेजमध्ये खेळायला मिळणारा एकेक सीझन कापला जातो. थांबण्यापेक्षा तुझ्यासाठी अमेरिकेतल्या ज्युनिअर कॉलेजचा रस्ता बघ, आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज, त्यांच्या खेळांची संघटना एनजेसीएए, तिथे फी बरीच कमी, दोन वर्षं खेळायचं, क्रेडिट जमवायचे आणि मग चार वर्षांच्या कॉलेजला ट्रान्सफर. टेक्सासमधल्या टायलर ज्युनिअर कॉलेजचं नाव सॉकरमध्ये मोठं आहे. आपली कुणी तिकडे बघतच नाहीत, सगळ्यांना डायरेक्ट टीव्हीवर दिसणारं कॉलेज हवं असतं.

प्रश्न : मुलगी मिडफिल्डर आहे, राज्याकडून खेळलीय. मुलांनाच एवढं कठीण तर मुलींचं काय? — एक वडील, मडगाव

उलटं आहे बाबा! मुलींना संधी जास्त. 1972 साली टायटल नाइन नावाचा कायदा आला, सरकारी पैसे घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही. आता तिकडच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलची एकेक टीम शंभराच्या घरात, ती सगळी मुलं, मग तो आकडा बरोबरीत आणायला कॉलेजं मुलींचे खेळ वाढवतात आणि मुलांच्या सॉकरवर कात्री येते. टेक्सास विद्यापीठ, फ्लोरिडा, अलाबामा, एवढी मोठी नावं, तिथे मुलींची सॉकर टीम आहे, मुलांची कॉलेज टीमच नाही. डिव्हिजन वनमध्ये मुलांच्या टीम साधारण दोनशे, मुलींच्या साडेतीनशेच्या आसपास.

मुलांच्या बाजूला अजून एक भानगड म्हणजे जर्मनी, इंग्लंड, स्पेनच्या अकॅडमीतून बाहेर पडलेली वीस-एकवीस वर्षांची पोरं तिथे रांगेत असतात. इंग्लंडच्या लीड्स क्लबकडून खेळलेला जॅक हॅरिसन अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या टीममधूनच पुढे गेला. तुमच्या लेकीला मात्र अमेरिकन मुलींशी टक्कर आहे आणि त्या पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून क्लबला खेळतात, तेव्हा पळण्याची तयारी करून घ्या. सीझन ऑगस्ट ते नोव्हेंबर, आठवड्याला दोन-दोन मॅच, नुसत्या पायातल्या जादूवर भागत नाही.

प्रश्न : कोचला व्हिडिओ कसा पाठवायचा? मी पाच जणांना मेल केले, एकानेही उत्तर दिलं नाही. — दहावी, पुणे

पाच? पन्नास-साठ कर रे. आणि निराश होऊ नकोस, डिव्हिजन वनचा कोच दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनआधी तुला रिक्रूटिंगचं उत्तर देऊच शकत नाही, नियम आहे. त्याने मेल वाचला नाही असं नाही.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, सगळ्यात भारी क्लिप पहिल्या तीस सेकंदांत, प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला तुझ्यावर बाण किंवा वर्तुळ, गाणं नको, स्लो मोशन अजिबात नको. नुसते गोल दाखवू नकोस, बॉल गेल्यावर तू मागे पळतोस का ते कोच बघतो. कॅमेरा उंचावरून, म्हणजे गच्चीत नाहीतर स्टँडच्या वरच्या पायरीवर काकांना उभं कर. पूर्ण मॅचची लिंकही दे. मेलमध्ये पासआउट वर्ष, पोझिशन, उंची, मार्क, घरून वर्षाला किती खर्च झेपेल तो आकडा, आणि त्याच कॉलेजबद्दल एक खरी ओळ. ‘डिअर कोच’ असा एकच मेल सगळ्यांना गेला की लगेच कळतं. पत्ते कॉलेजच्या स्पोर्ट्स साइटवर उघड असतात, असिस्टंट कोचलाही टाक, बरेचदा तोच वाचतो. कॅम्पचं आमंत्रण आलं म्हणून नाचू नकोस, ते हजारो जणांना जातं आणि फी घेतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत. मुलीच्या क्लबवर, ट्रॅव्हलवर वर्षाला इतका खर्च होतो की आयव्ही लीगची सॉकर स्कॉलरशिप मिळाली तर वसूल होईल असं नवरा म्हणतो.

दादांना सांगा, आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठांचा गट, खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाही, घरच्या उत्पन्नानुसार मदत मिळते. डिव्हिजन थ्रीतही खेळाचे पैसे शून्य, पण एमआयटी, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, एमरी यांच्या सॉकर टीम तिथेच खेळतात. काही ठिकाणी कोचने नाव सुचवलं तर अ‍ॅडमिशनला हातभार लागतो, काही ठिकाणी फारसा नाही, कोचलाच स्पष्ट विचारा. क्लबचे पैसे मात्र गेले ते गेले.