पिकअपच्या बेडची उंची आणि फिफ्थ व्हील ट्रेलर: सहा इंचांची फट आणायची कुठून?

आपण विचारले आहे की, २०२१ सालच्या फोर-बाय-फोर फोर्ड एफ-३५० पिकअप ट्रकला पंधरा वर्षांपूर्वीचा फिफ्थ व्हील ट्रेलर (ज्याचा पुढचा भाग पिकअपच्या बेडवर येऊन तिथेच जोडला जातो, असे ओढायचे फिरते घर) जोडून पाहिला, तेव्हा बेडच्या, म्हणजे ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्याच्या, कडेपासून ट्रेलरच्या पुढे आलेल्या भागाच्या तळापर्यंत जेमतेम चार इंच फट राहिली. पिन बॉक्स, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची जोडणीची पिन धरणारी पेटी, दोन भोके खाली घेतला की ती सहा इंच होईल, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. तेव्हा हा सौदा करावा का, हा आपला प्रश्न. मी ॲरिझोनात राहतो, अशाच ‘एक-टनी’ म्हणवल्या जाणाऱ्या दणकट वर्गातल्या ट्रकने ट्रेलर ओढतो आणि या एका फटीपायी मोजपट्टी घेऊन ट्रकखाली आणि ट्रेलरखाली बराच वेळ घालवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोन भोके खाली घेतल्यावर फट सहा इंच होईल हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. पण ती ट्रेलरचे नाक दोन इंच वर उचलून होईल, हे त्याने सांगितलेले दिसत नाही. ते आपल्याला चालेल की नाही, हे ट्रेलरच्या एक्सलवर ठरते.

मुळात ही अडचण आपल्या एकट्याची नाही. गेल्या वीस वर्षांत अमेरिकेतले तीन-चतुर्थांश टनी आणि एक-टनी पिकअप, विशेषतः फोर-बाय-फोर, सतत उंच होत गेले. चाके मोठी झाली, बेडच्या भिंती उंच झाल्या, आणि ऑफ-रोड पॅकेज घेतले असेल तर त्यात आणखी भर पडते. आपण पाहिलेला ट्रेलर मात्र त्याच्या काळच्या बुटक्या ट्रकांचा हिशोब धरून बांधलेला आहे. ट्रकही चांगला आणि ट्रेलरही चांगला, पण दोघांची जोडी जमत नाही, असे होते ते यामुळे.

आता हिशोब पाहू. ट्रेलर जमिनीला समांतर उभा असेल, तर फट फक्त दोन उंचींवर ठरते. एक, ट्रेलरच्या पुढच्या भागाच्या तळाची जमिनीपासूनची उंची. दुसरी, ओझे पडल्यानंतर बेडच्या कडेची जमिनीपासूनची उंची. या वजाबाकीत हिच (बेडमध्ये बसवलेला, ट्रेलरची पिन पकडणारा सांधा) आणि पिन बॉक्स येतच नाहीत. त्यांचे काम एवढेच, की ट्रेलर समांतर असताना किंगपिनची, म्हणजे ट्रेलरच्या त्या पिनची, पट्टी आणि हिचची पट्टी एकाच उंचीवर यावी. समजा, ओझ्याखाली आपल्या बेडची कड ५५ इंचांवर येते आणि ट्रेलर समांतर असताना त्याचा तळ ५९ इंचांवर असतो. म्हणजे फट चार इंच. हिचची पट्टी जमिनीपासून ५० इंचांवर असेल, तर पिनची पट्टी ट्रेलरच्या तळापासून नऊ इंच खाली असायला हवी. पिन बॉक्स दोन इंच खाली घेऊन ती अकरा इंचांवर नेली, तर हिच जागचा हलत नसल्यामुळे ट्रेलरचा तळच ६१ इंचांवर जातो. फट सहा इंच होते, पण ट्रेलर मागे कलतो. हिच एक पायरी वर चढवला तरी परिणाम तोच. बहुतेक हिचना दोन-तीन पायऱ्या असतात, आणि माझ्या मते उंच ट्रकवर हिच सर्वांत खालच्या पायरीवर ठेवणे बरे, कारण हिच जितका उंच, तितका तो ब्रेक लावताना आणि वळताना बेडच्या पायाला जास्त ताण देतो.

म्हणून आधी स्वतः मोजून घ्या. विक्रेत्याच्या आवारात घाईघाईने जोडून पाहिलेल्या फटीवर विसंबू नका. जागा सपाट हवी, आणि ती डोळ्यांना सपाट दिसते यावर समाधान न मानता गवंड्याच्या पाणसळीने तपासावी. ट्रेलर ट्रकपासून सोडवून पुढच्या पायांवर उभा करा, त्याच्या चेसिसच्या लांब तुळईला खालून पाणसळ लावा आणि तो अगदी समांतर होईपर्यंत पाय वर-खाली करा. घराच्या आतल्या फरशीवर पाणसळ ठेवू नका, कारण जुन्या ट्रेलरची फरशी चेसिसशी समांतर असतेच असे नाही. मग तळाची आणि पिनच्या पट्टीची उंची मोजा. तळ मोजताना पत्र्याचे आवरण जिथे सर्वांत खाली उतरले असेल ती जागा धरा. कित्येक ट्रेलरांत कडेची पट्टी किंवा कोपऱ्यातला दिवा मधल्या भागापेक्षा इंचभर खाली लोंबत असतो, आणि बेडच्या कडेला आधी तोच लागतो. ट्रकच्या बाजूला बेडची कड मागच्या चाकाच्या वर आणि टेलगेटपाशी अशी दोन्हीकडे मोजा, कारण रिकामा ट्रक मागून उंच असतो. कडेवर प्लास्टिकची टोपी किंवा आच्छादनाची पट्टी असेल, तर तीही मापात धरा.

यानंतर ओझ्याने ट्रक किती बसतो ते कळले पाहिजे. फिफ्थ व्हील ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण पाचवा हिस्सा पिनवर येतो. म्हणजे १४,००० पौंडांच्या भरलेल्या ट्रेलरचे सुमारे २,८०० पौंड आपल्या मागच्या एक्सलवर पडतात, आणि एक-टनी ट्रक त्याने दोन-तीन इंच खाली बसणे स्वाभाविक आहे. विक्रेत्याकडचा ट्रेलर रिकामा असतो, त्यामुळे सामान भरून निघाल्यावर ट्रक आणखी थोडा बसेल आणि फट किंचित वाढेल. ही एक जमेची बाजू. मात्र ट्रक बसलेला बरा दिसत नाही म्हणून मागे हवेच्या पिशव्या बसवणारे लोक ही जमा स्वतःच खर्चून टाकतात. पिशव्यांत हवा भरली की बेडची कड वर येते, हिचही वर येतो, आणि ट्रेलर समांतर ठेवायचा तर फट तेवढीच कमी होते. फटीची तक्रार आणि पिशव्यांची खरेदी एकाच वेळी चाललेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि दर वेळी आश्चर्य वाटते.

सहा इंचच का? डांबरी रस्त्यासाठी साडेपाच ते सहा इंच हे सर्वसाधारण मान्य माप आहे, आणि त्यामागचा हिशोब सोपा आहे. हिच मागच्या एक्सलच्या जवळपास वर असतो आणि त्याच्या मागे बेड सुमारे चार फूट उरतो. ट्रकचे नाक ट्रेलरच्या तुलनेत एक अंश खाली गेले, की बेडचे मागचे टोक ट्रेलरच्या तळाकडे सुमारे पाऊण ते एक इंच सरकते. पेट्रोल पंपाचे आवार रस्त्यापेक्षा उंच असते; तिथून बाहेर पडताना ट्रक उतारावर आणि ट्रेलर अजून सपाटीवर, अशी स्थिती येते आणि फट मिटू लागते. त्यातच आपण तिरके बाहेर पडलात, तर ट्रक एका अंगाला झुकतो आणि लांबीतला व रुंदीतला असे दोन्ही कल बेडच्या मागच्या एकाच कोपऱ्यावर एकवटतात. म्हणूनच फट कमी असलेल्या ट्रकांवर पोचा येतो तो बहुधा मागच्या दिव्याच्या वर, कोपऱ्यात. चार इंचांत सपाट महामार्ग निभावतो. असा एखादा पंप किंवा राष्ट्रीय उद्यानातला खडबडीत कॅम्प निभावेलच असे नाही. कच्च्या रस्त्यांवर जायचे असेल, तर सहा इंचही मला कमीच वाटतात.

खात्री करण्याचा एक साधा उपाय सांगतो. मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचे तीन-तीन इंच उंचीचे दोन गोळे करून बेडच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांवर कागदी चिकटपट्टीवर बसवा आणि घराजवळच्या वाईटात वाईट उतारांवरून सावकाश जाऊन या. गोळा चपटा झाला असेल, तर उरलेली उंची मोजा. त्या फेरीत फट किमान किती राहिली, ते त्यातून नेमके कळते. गोळे जसेच्या तसे परत आले, तर त्या उतारांवर तीन इंच तरी शिल्लक राहिले असे समजावे.

आता नाक वर राहण्याचा प्रश्न. पिनपासून एक्सलांच्या मध्यापर्यंत अंतर साधारण २४ फूट धरले, तर नाक दोन इंच वर गेल्याने दोन एक्सलांच्या ठिकाणच्या उंचीत सुमारे पाव इंचाचा फरक पडतो. ट्रेलरला कमानपाटे असतील, तर दोन्ही एक्सलांच्या पाट्यांना जोडणारा मधला तुकडा तराजूच्या दांडीसारखा झुलतो आणि हा पाव इंच बऱ्याच अंशी वाटून घेतो. अशा ट्रेलरला एखादा इंच नाक वर असणे मी निश्चिंतपणे चालवून घेईन, आणि दोन इंच नाइलाज म्हणून. रबरावर चालणारे टॉर्शन एक्सल असतील, तर मात्र दोन एक्सलांत असा कोणताही दुवा नसतो. नाक वर गेले की मागच्या एक्सलवर जास्त आणि पुढच्यावर कमी वजन येते, मागचे टायर तापतात, ब्रेक लावताना पुढची चाके लवकर घसरतात. तिथे समांतरच हवे. शिवाय दोन्ही प्रकारांत ट्रेलरचे मागचे टोक जवळजवळ इंचभर खाली जाते, आणि सांडपाण्याचा पाइप तिथेच कुठेतरी खाली असतो, हे विसरू नये.

यावरचा खरा इलाज म्हणजे सबंध ट्रेलरच उचलणे. आपल्या उदाहरणात ट्रेलर सगळीकडून दोन इंच उचलला, की समांतर असताना तळ ६१ इंचांवर येतो, आणि मग तोच पिन बॉक्स तीच दोन भोके खाली घ्यावा लागतो; म्हणजे विक्रेत्याचा उपाय ट्रेलर उचलल्यानंतर बरोबर ठरतो. उचलण्याच्या दोन रीती आहेत. चेसिस आणि पाटे ज्यांना टांगलेले असतात ते हँगर यांच्यामध्ये दोन-तीन इंचांची पोलादी चौकोनी नळी वेल्डिंगने बसवता येते. किंवा एक्सल पाट्यांच्या वर बसवलेला असेल, तर तो पाट्यांच्या खाली घेता येतो, आणि त्याने एक्सलच्या नळीचा व्यास व पाट्यांची जाडी मिळून साधारण पाच इंच उंची वाढते. आपल्याला दोन इंच हवे आहेत, त्यामुळे पहिली रीत पुरेशी दिसते. दुसरी करायचीच झाली, तर एक्सल उलटा फिरवू नये, कारण त्याला वरच्या बाजूला हलकासा बाक दिलेला असतो. त्याच्या दुसऱ्या अंगाला पाट्यांसाठी नवी बैठक वेल्ड करून घ्यावी. हे काम घरच्या अंगणात करण्यासारखे नाही, चेसिसचे काम रोज करणाऱ्या कारखान्याकडेच द्यावे, आणि तो खर्च सौद्याच्या किमतीतून वजा करून मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. विक्रेता ‘सहज जमेल’ म्हणत असेल, तर त्यानेच ते करून द्यावे.

ट्रक खाली आणणे हा दुसरा मार्ग. मागच्या एक्सलवर, पाट्यांखाली, लोखंडी ठोकळे असतात. त्याऐवजी कमी उंचीचे बसवून कड इंच-दोन इंच खाली येते. त्यासाठी नवे यू-बोल्ट लागतात आणि हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा लागतो. ओझ्याखाली ट्रकची मागची बाजू आधीच बसत असेल, तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

पिन बॉक्स हलवल्यानंतर जोडणीची उंची बदलते, म्हणून पहिल्या काही वेळा फार जपून जोडा. ट्रक मागे घेताना पिनची पट्टी हिचच्या पट्टीपेक्षा किंचित खाली असावी, म्हणजे हिच तिला थोडी उचलून आत घेतो. पिन उंच राहिली, तर हिचचा जबडा तिची खाच सोडून खालच्या फुगीर भागावरच मिटतो आणि जोडणी झाल्यासारखी वाटते. उजेड धरून बघा; दोन पट्ट्यांमध्ये फट दिसता कामा नये. मग ट्रेलरच्या चाकांना उटी लावलेली असताना, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले ठेवून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहा. हे न केल्यास ट्रेलर बेडच्या कडांवर पडतो, आणि मग सहा इंच काय नि चार इंच काय, दोन्ही कडा दबतात.

पावणेसात फुटी बेडमुळे वळताना केबिन आणि ट्रेलरचा कोपरा यांच्यातले अंतरही पाहावे लागेल. सरकता हिच किंवा तसा पिन बॉक्स घेतला की तो प्रश्न सुटतो. वजनाचे मात्र तसे नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेले असते. त्यातून घरची माणसे, हिच आणि पिनवरचे वजन वजा करून पाहा, आणि जमल्यास ट्रक स्टॉपवरच्या ‘कॅट’ नावाच्या वजनकाट्यावर प्रत्यक्ष वजन करा. वजाबाकी उणे आली, तर फटीची चर्चा तिथेच थांबवा.

आणि ट्रेलर उचललात, तर छतावरच्या वातानुकूलन यंत्राच्या माथ्यापर्यंतची उंची नव्याने मोजा. बऱ्याच पूर्वेकडील राज्यांत कायद्याची मर्यादा १३ फूट ६ इंच आहे, पश्चिमेकडे अनेक ठिकाणी १४ फूट. पण जुन्या पुलांना कायदा ठाऊक नसतो. उत्तर कॅरोलिनातल्या डरहॅम शहरातला, पूर्वी ११ फूट ८ इंच उंचीचा असलेला रेल्वेपूल किती ट्रकांची छपरे सोलतो, ते चित्रफितींतून सगळ्यांनी पाहिले आहे; २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला, तरी बहुतेक फिफ्थ व्हील ट्रेलर त्याखालून जाणार नाहीत. नवी उंची फूट-इंचांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, आणि जीपीएसमध्येही तीच भरा, नाहीतर तो आपल्याला मोटारगाडी समजूनच रस्ता दाखवील.