क्रॉस (कडेने गोलसमोर उचलून मारलेला बॉल) आल्यावर गोलकीपरने बॉल पकडावा की पंच (ठोसा) मारावा?

"पकडायचाच" म्हणणाऱ्या तुमच्या कोचना आधी एवढंच विचारा की ते स्वतः कुठल्या जागेवर खेळायचे. पैज लावतो, गोलमध्ये नाही. "ज्याला पकडता येत नाही तोच पंच मारतो" हे त्यांचं वाक्य तुम्ही प्रश्नाखाली दिलंय, तेच मी गेली सतरा वर्षं आमच्या स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, तोंडून ऐकतोय. तोही आयुष्यात कधी ग्लोव्हज घालून उभा राहिलेला नाही.

उत्तर खरं तर एका ओळीचं आहे. बॉल तुमच्या एकट्याचा असेल तर पकडा, त्यात वाटेकरी असतील तर ठोसा मारा. पण वाटेकरी किती आणि कुठून येतायत हे साइडलाइनवरून दिसत नाही, म्हणून वाद होतात.

आमची कॉलेजची सेमीफायनल. ०-०, शेवटची दहा मिनिटं, सकाळपासून पाऊस. त्यांना डावीकडून कॉर्नर मिळाला, मारणारा उजव्या पायाचा. म्हणजे बॉल गोलकडे वळत येणार. सहा यार्डांच्या बॉक्समध्ये माझ्यासकट नऊ माणसं. त्यांचा एक धिप्पाड गडी माझ्याकडे पाठ करून अगदी पुढ्यात उभा, आणि त्याची टाच माझ्या बुटावर. रेफ्रीने इकडे बघितलं की टाच उचलायचा, रेफ्रीची मान वळली की परत ठेवायचा. मी दोनदा हात वर करून तक्रार केली. रेफ्रीने "खेळा, खेळा" म्हटलं.

बॉल आला, गोललाइनपासून चारेक मीटरवर उतरणारा. मी "कीपर!" म्हणून ओरडलो (हे लक्षात ठेवा, यावरही वाद आहे), त्या गड्याच्या खांद्यावरून वर गेलो आणि दोन्ही मुठी जोडून ठोसा हाणला. चांगला लागला. बॉल मुठीवर नीट बसला की मनगटापर्यंत कळतं. थेट मोठ्या बॉक्सच्या (पेनल्टी एरियाच्या) कडेपर्यंत गेला. तिथे त्यांचा आठ नंबर एकटाच उभा होता. त्याने टप्पा पडू दिला नाही. मी अजून चिखलात उतरत होतो आणि बॉल माझ्या मागे जाळ्यात. ०-१, खेळ खल्लास.

कपडे बदलताना स्टॉपरचं पहिलं वाक्य: "दोन्ही मुठी पोचल्या ना? मग पंजे पण पोचले असते. धरायचा!" त्यानंतर लग्नं झाली, मुलं झाली, दोघांचीही पोटं सुटली, वाद आहे तिथेच आहे. मराठीत पंच म्हणजे निकाल देणाराही असतो. आमच्या पंचाचा निकाल अजून लागलेला नाही.

आता त्याचं म्हणणं ऐकायला बिनतोड वाटतं, तुमच्या कोचनाही पटेल. पण ते चूक आहे. ठोशाला बॉलशी क्षणभर गाठ पडली की पुरते. झेलाला हात बॉलच्या आधी पोचायला लागतात, अंगठे बॉलच्या मागे, कोपरं चेहऱ्याच्या पुढे, आणि मग बॉल थांबवून छातीशी आणेपर्यंत कोणी धक्का देता कामा नये. तेवढा वेळ तुमचे हात वर आणि बरगड्या उघड्या. त्यात कोपराला एक जरी खांदा लागला की संपलं. नियमाप्रमाणे बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. आमचा जुना बॉल त्या दिवशी पाणी पिऊन किती झाला होता देव जाणे, ग्लोव्हजवर तर नुसता चिखल.

आणि फसल्यावर काय होतं ते बघा. फसलेला ठोसासुद्धा बहुतेक वेळा आठ-दहा मीटर तरी जातो. फसलेला झेल तुमच्या पायाशी पडतो, गोलपासून दोन मीटरवर, आणि तिथे तीन जण वाट बघत असतात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला हा फरक कळत नाही.

मग पकडायचा कधी? वाट मोकळी असेल, आणि उडी मारून सगळ्यांच्या वर, डोक्याच्या पुढे बॉल मिळणार असेल तेव्हा नक्की पकडा. तिथे उगाच ठोसे मारणाऱ्यांची मलाही चीड आहे. बॉल एकदा हातात नीट आला की नियमाने कोणीही तुम्हाला आव्हान देऊ शकत नाही, समोरच्यांचा हल्ला तिथेच संपतो. शिवाय त्यांचे निम्मे लोक तुमच्या बॉक्समध्ये अडकलेले असतात, तेव्हा लगेच फेकलात तर पलीकडे मैदान रिकामं. फक्त छातीशी धरून लोळत बसू नका. २०२५ पासून ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला थेट कॉर्नर मिळतो. म्हणजे झेललेला क्रॉस पुन्हा क्रॉस होऊन येणार.

ठोसा मारायचा तर अंगठे मुठीच्या आत कधी कोंबू नका, मोडतील. समोरून आलेला बॉल दोन मुठींनी आला तिकडे परत. डोक्यावरून पलीकडे जाणारा बॉल असेल तर एका मुठीने त्याच दिशेने पुढे ढकला. उलट दिशेला एका मुठीने मारायला गेलात तर तो कुठेही उडेल. बॉलच्या मध्याच्या किंचित खाली मारलं की उंची मिळते, आणि उंची मिळाली की बचावाला सावरायला वेळ मिळतो.

पण पकडणं आणि ठोसा या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे तळ्यात-मळ्यात. १९८६ च्या वर्ल्डकपमध्ये मॅराडोनाने हाताने केलेला गोल सगळ्यांना आठवतो. मी तो बघतो तेव्हा माझी नजर इंग्लंडच्या गोलकीपरवर, पीटर शिल्टनवर जाते. तो ठोसा मारायलाच बाहेर आला होता, आणि १.६५ मीटरचा माणूस त्याच्या आधी बॉलपाशी पोचला. हाताने पोचला हे खरं, लबाडीच होती, पण पोचला. २०१० च्या वर्ल्डकप क्वार्टरफायनलमध्ये ब्राझीलचा गोलकीपर जूलिओ सेझार हॉलंडच्या स्नायडरच्या क्रॉसवर ठोसा मारायला निघाला आणि आपल्याच फेलिपे मेलोवर आदळला. बॉल सरळ जाळ्यात. १-० ने पुढे असलेला ब्राझील तो सामना १-२ असा हरला. त्यातलं पकडावं की पंच मारावा हे बाजूला ठेवा. कीपर येतोय हे पुढच्या माणसाला कळलं होतं का, ते विचारा.

उलट २०१४ च्या वर्ल्डकप फायनलमधला जर्मनीचा गोलकीपर नॉयर बघा. अर्जेंटिनाचा हिग्वाइन पळत येतोय, नॉयर सुसाट बाहेर येतो, बॉलला ठोसा मारतो आणि हिग्वाइनला आडवा करतो. रेफ्रीने फाउल दिला तोही हिग्वाइनवर! बरोबर होता का? मला नाही वाटत. पण निघालेला कीपर निम्म्या वाटेत थांबला नाही, एवढं त्यातून घ्या.

स्टॉपरची एक गोष्ट मान्य करतो, प्रामाणिकपणे. माझा ठोसा मधे गेला. तो बाजूला, टचलाइनकडे जायला हवा होता. मधे गेलेला ठोसा म्हणजे समोरच्याला दिलेला पास. हे मी त्याच्यापाशी कधी कबूल केलेलं नाही आणि तो ही साइट वाचत नाही. अजून एक, तुम्ही नवीन आहात तर सरावात पकडायचाच जास्त प्रयत्न करा, नाहीतर ठोशाची सवय लागते आणि सोपे बॉलही सुटतात. म्हणजे तुमच्या कोचचं तेवढं बरोबर आहे. फक्त सराव करताना अंगावर माणसं घ्या. रिकाम्या बॉक्समध्ये क्रॉस कोणीही पकडतो.

गेल्या वर्षी कोणाच्या तरी भावाने काढलेला त्या सामन्याचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला. मी तो चाळीसेक वेळा तरी बघितला असेल. माझं "कीपर!" त्यात ऐकू येत नाही, छत्र्यांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज तेवढा आहे. दुसरं म्हणजे, कॉर्नर मारल्या मारल्या माझं पहिलं पाऊल मागे पडलंय, लाइनकडे. एकच पाऊल. ते पुढे पडलं असतं तर त्या गड्याच्या आधी पोचलो असतो, आणि मग कदाचित धरलाही असता. स्टॉपरच्या हे लक्षात आलेलं नाही. तो अजून माझ्या मुठींकडेच बघतोय.

पण त्याच व्हिडिओत बॉक्सच्या कडेला आमच्या रंगाचा एकही शर्ट नाही. कॉर्नरच्या आधी "आठ नंबर माझा" असं ओरडलेला माणूस पोस्टला हात टेकून उभा आहे, माझ्यापासून दीड मीटरवर. तो स्टॉपर.

तेव्हा पहिलं पाऊल मागे टाकू नका. आणि कॉर्नर मारायच्या आधी वळून बघून घ्या, ज्याने आठ नंबर घेतलाय तो आहे कुठे.