चार बाटल्या मिळाल्या. आता विकू, बदलू की ठेवू?

तुमचा प्रश्न वाचला. शिकागोबाहेरच्या एका ब्रुअरीसमोर पहाटे चारला रांग लावलीत आणि पाच तासांनी बर्बन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या स्टाउटच्या (काळ्या, दाट बिअरच्या) चार बाटल्या पदरात पडल्या, तीस डॉलरला एक. दोन कॉफीवाल्या, दोन साध्या. रांगेतल्याच एकाने एका बाटलीचे जागेवर 120 डॉलर काढून दाखवले. ऑनलाइन ओळख झालेला दुसरा म्हणतो, कुरिअरने कॅलिफोर्नियाला पाठवा, मी इकडून 'व्हेल', म्हणजे दुर्मिळ बाटली, पाठवतो. विकू, बदलू की ठेवून देऊ, असं तुम्ही विचारताय.

विकू नका. 1933 मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा दारूचे नियम करायचा अधिकार राज्यांकडे गेला. राज्याराज्यांत फरक पुष्कळ आहेत, पण तुमच्या-माझ्यासारख्याने परवाना नसताना पैसे घेऊन बिअर विकणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. 2013 मध्ये व्हर्माँटमध्ये तिथल्याच 'हेडी टॉपर' या बिअरची पाच खोकी ऑनलाइन जाहिरात देऊन विकायला निघालेल्या एका व्यक्तीवर गुन्हा दाखल झाला होता. गिऱ्हाईक बनून आलेला माणूस तपास अधिकारी निघाला. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, एकदा 'फ्लिपर' (घेऊन लगेच चढ्या भावाने विकणारा) म्हणून नाव झालं की या मंडळींत तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. चौपट भावातून सुटलेले नव्वद डॉलर फार दिवस पुरत नाहीत.

ट्रेडची, म्हणजे बाटल्यांच्या अदलाबदलीची, भाषा आधी समजून घ्या, नाहीतर पहिल्याच फटक्यात बनवले जाल. 'आयएसओ' म्हणजे मी हे शोधतोय. 'एफटी' म्हणजे माझ्याकडे हे द्यायला आहे. 'व्हेल' म्हणजे सगळ्यांनी ऐकलेली आणि फार थोड्यांनी पाहिलेली बाटली. 'म्यूल' म्हणजे तुमच्या वाटणीची बाटली घ्यायला तुमच्या वतीने रांगेत उभा राहणारा बिचारा मित्र (बहुतेकदा बायको). 'एक्स्ट्रा' म्हणजे ठरलेल्या सौद्यावर न सांगता घातलेले दोन-चार कॅन. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सौदा बरोबरीचा झाला तरी एक्स्ट्रा न घालणाऱ्याला चिक्कू म्हणतात, आणि ते त्याच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणतात.

ट्रेडवाल्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, 'डॉलर फॉर डॉलर': तुमची बाटली तीसला मिळाली, माझ्या पंधराच्या दोन, फिटंफाट. दुसरा पंथ बाजारभाव बघतो: ती मिळवायला किती कष्ट पडतात, आज तिच्या बदल्यात लोक काय काय देतात. नवखा माणूस पहिल्या पंथाचा असतो आणि समोरचा दुसऱ्या. तुमच्या कॅलिफोर्नियावाल्याने नेमकी कुठली व्हेल ते अजून सांगितलेलं नाही, यावरून मला तरी वास येतोय. आवळा देऊन कोहळा काढणारे इथे खूप आहेत.

हा बाजारभाव चवीवर ठरत नाही, हे कळायला मला चार-पाच वर्षं लागली. तो ठरतो रांगेवर आणि अंतरावर. हेडी टॉपरचंच घ्या. ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुराने ती करणाऱ्या 'द अल्केमिस्ट' ब्रुअरीचा व्हर्माँटमधल्या वॉटरबरीतला पब धुऊन नेला आणि त्याच आठवड्यात त्यांच्या कॅन भरायच्या नव्या कारखान्यातून हेडीचे कॅन बाहेर पडायला लागले. पुढे गाड्यांची गर्दी इतकी झाली की शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे नोव्हेंबर 2013 मध्ये तिथली किरकोळ विक्रीच बंद करावी लागली. त्या काळात एक चार-पॅक दिला की समोरून पाहिजे ते मिळायचं. नंतर स्टो गावात मोठी जागा झाली, गावोगावी तसल्याच गढूळ आयपीए (हॉप्स या कडवट फुलांचा भर असलेल्या बिअर) निघाल्या आणि तोच कॅन एक्स्ट्रामध्ये यायला लागला. बिअर तीच, आठ टक्क्यांची. मला आजही तितकीच आवडते, पण आता तिच्यासाठी कोणी काही देत नाही.

बेल्जियममधल्या वेस्टव्लेटरेन 12 या बिअरची गोष्ट आणखी गमतीची. संन्याशांचा मठ, आपल्या गरजेपुरतीच बिअर करायची हा त्यांचा नियम. 2005 मध्ये एका मानांकनात ती जगात पहिली आली आणि मठाच्या दारात गाड्यांची रांग लागली. मग फोनवर नोंदणी, गाडीचा नंबर सांगायचा, ठरलेल्या दिवशी क्रेट घ्यायचं, आणि अट एकच: पुढे विकायचं नाही. लोकांनी ती अट कशी पाळली असेल ते तुम्हीच ओळखा. 2019 मध्ये मठाने फोन सोडून ऑनलाइन नोंदणी सुरू केली, त्याला फोनवरच्या गोंधळाबरोबर हे फेरविक्रेतेही कारण होते.

कॅलिफोर्नियातल्या 'रशियन रिव्हर' ब्रुअरीने आपली 'प्लिनी द यंगर' ही बिअर कितीतरी वर्षं बाटलीत भरलीच नाही. पिंपातून ग्लासात, जागेवर प्यायची. त्यांच्या सँटा रोझा गावातल्या पबसमोर तासन्‌तास रांग लागायची, पण घरी न्यायला हातात काही नाही, म्हणून ट्रेडलाही काही नाही. 2020 मध्ये बाटली आली. माझ्या मते रिलीज करायची, म्हणजे नवी बिअर विक्रीला काढायची, सगळ्यात शहाणी पद्धत त्यांची जुनी पद्धतच होती.

आता कुरिअर. इथे सगळे ताकाला जाऊन भांडं लपवतात. अमेरिकन टपाल खात्यातून बिअर पाठवायला मनाई आहे, आणि मोठ्या खाजगी कंपन्या दारू फक्त परवाना असलेल्या, त्यांच्याशी करार केलेल्या व्यापाऱ्याकडून घेतात. मग लोक खोक्यावर 'ऑलिव्ह ऑइल' किंवा 'यीस्टचे नमुने' लिहितात. मीही लिहिलंय, त्याचा अभिमान नाही. एकदा जुलैत बाटल्या पाठवल्या. एकीच्या झाकणाखालून गळती सुरू झाली, खोकं वाटेतच ओलं झालं आणि कंपनीने ते उघडून सगळं फेकून दिलं. तक्रार कुठल्या तोंडाने करणार? समोरच्याचं खोकं मात्र मला व्यवस्थित पोहोचलं होतं. त्याची भरपाई करायला पुढच्या दोन रिलीजच्या रांगांत उभा राहिलो. तेव्हापासून कुरिअर बंद.

त्यापेक्षा बरा आणि सरळ मार्ग आहे. विमानाच्या चेक-इन सामानात 24 टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलला अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत प्रमाणाची मर्यादा नाही. पिंपातल्या स्टाउट साधारण दहा ते पंधरा टक्क्यांच्या, म्हणजे तुमची मर्यादा फक्त बॅगेचं वजन. (ज्या राज्यात उतरणार तिथे काय चालतं ते मात्र एकदा बघून ठेवा.) झाकणाभोवती इलेक्ट्रिकची टेप, बाटली झिपच्या पिशवीत, त्यावर बबल रॅप, मग मोजे, मग कपड्यांच्या मधोमध. बॅग उचलून जोरात हलवा. आतून टिचकीएवढा जरी आवाज आला तरी पुन्हा भरा. कामानिमित्त कुठे जाणार असाल तर आधी तिथल्या माणसाशी बोलून ठेवा आणि हातोहात बदला. समोर बसून बदललेल्या बाटलीत फसवणूक होत नाही, आणि झालीच तर त्याचा चेहरा तरी लक्षात राहतो.

ठेवून देण्याबद्दल. कॉफीवाल्या दोन ठेवू नका. कॉफीचा वास वर्षभरात उतरतो आणि कधीकधी मागे हिरव्या मिरचीसारखं काहीतरी उरतं. नारळ घातलेल्या बिअरचंही तसंच. साधी पिंपातली स्टाउट दोन-तीन वर्षं छान मऊ होते, पण थंड, अंधाऱ्या जागी आणि उभी ठेवली तर. हॉप्सच्या बिअरचा तर प्रश्नच नाही. आयपीए फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याच्या आत संपवा. दोन महिन्यांची आयपीए ट्रेडमध्ये देणं हा शुद्ध अपमान आहे. आंबट, फळांचा गर घातलेले कॅन बाहेर ठेवाल तर आत पुन्हा आंबायला लागतात आणि फुटतात. कपाटात फुटलेल्या रासबेरीचा डाग मी अजून बाळगून आहे.

आणि ठेवलेली प्रत्येक बाटली चांगलीच राहते असं नाही. शिकागोच्या 'गूज आयलंड' ब्रुअरीच्या 'बर्बन काउंटी' स्टाउटच्या 2015 च्या काही बाटल्यांत लॅक्टोबॅसिलस जातीचा एक जंतू शिरला आणि स्टाउट आंबट झाली. कंपनीने 2016 मध्ये पैसे परत दिले आणि त्यानंतर पाश्चरायझेशन सुरू केलं. ज्यांनी ती ठेव समजून तळघरात रचली होती त्यांच्याकडे आंबट काळं पाणी उरलं. पहिल्या आठवड्यात उघडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ती मस्त लागली होती.

तेव्हा तुमच्या चार बाटल्यांचं मी असं करीन. एक कॉफीवाली याच महिन्यात, ज्याच्याबरोबर रांगेत उभे होतात त्याच्याबरोबर. एक साधी ठेवा, तळाशी तारीख लिहून. उरलेली कॉफीवाली आणि दुसरी साधी घेऊन एखाद्या बॉटल शेअरला जा. आठ-दहा माणसं, प्रत्येकाची एक-दोन बाटल्या, प्रत्येकाला दोन घोट, आणि परतताना गाडी दुसऱ्याच्या हातात. पंधरा टक्क्यांची 650 मिलीची बाटली तशीही एकट्याने संपवायची नसते. ज्या व्हेलचं आमिष तुमचा कॅलिफोर्नियावाला दाखवतोय, तसल्या तीन-चार मी अशाच टेबलावर चाखल्या, बदल्यात काही न देता. त्यांतली एक तर मला अजिबात आवडली नाही. बरं झालं ट्रेड केला नव्हता.

पहिल्यांदा जाताना सगळ्यात दुर्मिळ बाटली नेऊन छाप पाडायचा प्रयत्न करू नका, आणि रिकाम्या हाताने तर जाऊच नका. लहान ग्लास स्वतःचा न्या. मेण लावलेलं झाकण असेल तर ओपनरने मेणासकट सरळ उघडा. सुरीने मेण तासत बसणाऱ्याचा अंगठा कापलेला मी दोनदा पाहिलाय.