हॉल नको, पंगत हवी. पण बाबांच्या वहीचं काय?

ताई, मी 27 वर्षांची, सांगलीजवळची. येत्या हिवाळ्यात आमचं रजिस्टर लग्न आहे. त्यानंतर गावच्या घराच्या अंगणात साठ-सत्तर जवळच्या माणसांची पंगत, एवढंच आम्हा दोघांना हवंय. सासरचे तयार आहेत. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. ते हॉल, स्टेज आणि सातशे माणसांच्या रिसेप्शनवर अडून बसलेत, त्यासाठी ठेव मोडायला निघालेत. 'सगळ्यांच्या लग्नात जेवून आलोय, आता कुठल्या तोंडाने गावात फिरू?' म्हणतात. मी म्हटलं, यातले निम्मे लोक मला ओळखतसुद्धा नाहीत. तेव्हापासून आमच्यात अबोला आहे.
– अंगणातली मुलगी

प्रिय मुली,

स्टेजवरचं रिसेप्शन मलाही बघवत नाही. गेल्या वर्षी एका लग्नात माझी पंचाहत्तरीची मावशी हातात पाकीट धरून पाऊण तास रांगेत उभी होती. नंबर लागला, फोटोग्राफर म्हणाला 'इकडे बघा', नवरीने हात जोडले, आणि मावशी दुसऱ्या बाजूने खाली. 'पोरीशी बोलायचं राहूनच गेलं गं,' म्हणाली आणि न जेवता घरी आली. तेव्हा अंगणातली पंगत हा तुझा हट्ट मला मनापासून पटतो.

पण ते 'ओळखत नाहीत' तू बोलायला नको होतंस. ती माणसं तुझ्या बाबांना ओळखतात. आपल्याकडे लग्नाचं जेवण फिरतं असतं, आज त्यांच्याकडे, उद्या आपल्याकडे. ते फेडायचं राहिलं की बाबांसारख्या माणसाला झोप लागत नाही.

तुमच्या घरात आहेराची वही असेलच. कपाटात, जुन्या साड्यांखाली. त्यांच्या लग्नातली, तुझ्या बारशाची, वास्तुशांतीची. नाव, गाव, आणि पुढे '21 रु.', 'स्टीलचा डबा', 'खण'. ती वही त्यांच्याकडे माग. हॉलचा विषय काढू नकोस, पैशांचा तर मुळीच नको. 'ठेव मोडू नका' याचा अर्थ त्यांना 'तुमची ऐपत नाही' असा लागतो. नुसतं एकेक नाव वाच आणि 'बाबा, हे कोण?' विचार. कोणी घर बांधताना हातउसने दिले, कोणी आजीच्या आजारपणात रोज डबा पोचवला, हे निघत जाईल. ज्यांचं खरंच देणं लागतो ती माणसं वेगळी, आणि 'नाही बोलावलं तर बरं दिसत नाही' म्हणून यादीत आलेली वेगळी. सातशेची यादी बाबा स्वतःच खाली आणतील. माझ्या अंदाजाने दोन-अडीचशे उरतील.

मग तू तुझा सत्तरचा आकडा सोड. अंगण सोडू नकोस. दुपारी बाराला पहिली पंगत बसवा, ऐंशी-ऐंशीच्या तीन पंगती उठायला अडीच-तीन वाजतील. भात-आमटी, वांग्याची भाजी, कोशिंबीर, बुंदी, मठ्ठा. एवढं पुरे, पण आमटी गरम हवी. गुडघे धरलेल्यांसाठी एका कडेला टेबल-खुर्च्या मांडा, आणि त्यांना शेवटच्या पंगतीपर्यंत ताटकळत ठेवू नका. स्टेज नाही, सोफा नाही. तुम्ही दोघांनी वाढायचं. आमटी-भात वाढपी वाढतील, बुंदी तुझ्या हातात आणि तूप त्याच्या. बाबांनी पुढे चालायचं आणि प्रत्येक पानापाशी थांबून सांगायचं, 'हे आपले अमुक.' सातशेच्या रांगेत हे त्यांना कधीच जमलं नसतं.

पत्रिकेत 'आहेर आणू नये' असं स्पष्ट छापा. बाबांचं जुनं देणं फिटेल आणि वहीत नवं चढणार नाही. तरी एखादी आजी हातात नोट कोंबेलच. ती घे आणि पाया पड.

रजिस्टर लग्नाच्या तारखांकडे मात्र आत्ताच बघ. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर 30 दिवस थांबावं लागतं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीन साक्षीदार लागतात. त्यातली एक सही बाबांची असू दे. हे तू स्वतः जाऊन विचार, आईकरवी निरोप नको. तुमच्या अबोल्यात तिचीच ओढाताण होत असणार.

बाबा कदाचित म्हणतील, 'असलं साधं लग्न आपल्यात नसतं.' जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लावलं, भटजीशिवाय आणि थोडक्या खर्चात. साधं लग्न महाराष्ट्राला नवं नाही. पण हे तू त्यांना सुनावू नकोस. फुले त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवले असतील, त्यांचेच शब्द त्यांच्या अंगावर फेकलेस तर ते अजून गप्प होतील. त्यांचं त्यांना आठवू दे.

हॉलचा ॲडव्हान्स अजून दिला नसेल, तर वही याच रविवारी काढ. दुपारचा चहा झाल्यावर, टीव्ही बंद करून. पहिलं नाव त्यांनाच वाचू दे.

– तुझी ताई