बंदूक आणि आत्मसंरक्षण हा विषय निघाला की भांडण का होतं, आणि ते थांबवायचं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे : तुमच्या ओळखीत हौशी नेमबाज आहेत, कराटे शिकवणारे आहेत, परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगणारेही दोघे-तिघे आहेत. रविवारी सराव झाल्यावर सगळे चहाला बसतात आणि दहा मिनिटांत आवाज चढतात. दोघांनी तर येणंच बंद केलं. आवड एकच असताना एवढं का बिनसतं, आणि तुम्ही काय करावं?

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. आमच्या घरात आजोबांपासून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. नोकरीसाठी पुण्यात आलो, चाळिशी उलटल्यावर १० मीटर एअर पिस्तूल शिकलो आणि गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी नव्या मुलांना रेंजवर मदत करतो. म्हणजे शेतातली बंदूक आणि स्पर्धेतलं पिस्तूल, दोन्हीकडच्या माणसांत उठबस आहे. हे भांडण मी खूप पाहिलंय, त्यात स्वतः वाईटही वागलोय. म्हणून लिहितो.

मला वाटतं, तुमची पहिली समजूतच तपासायला हवी. आवड एकच नाहीये. शब्द एक आहे. ‘बंदूक’ म्हटल्यावर माझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोर कोयत्यासारखं, कुदळीसारखं एक अवजार यायचं. भात पिकायला आलं की रात्री रानडुकरांचा कळप शेतात उतरतो, तेव्हा माळ्यावर बसून हवेत एक बार काढायचा आणि झोपायचं. (डुकरावर गोळी घालायची तर वनखात्याची परवानगी लागते, हे ते आम्हाला दरवर्षी बजावायचे.) नेमबाजाच्या डोळ्यांसमोर वेगळंच असतं. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्या ठिपक्यासाठी तो श्वास, नाडी, बोटाचं पेर यांवर वर्षानुवर्षं काम करतो. त्याच्यासमोर कुणी ‘माणूस पडला पाहिजे’ अशी भाषा काढली की त्याला ती शिवीसारखी लागते. आणि तिसरा, ज्याने रिव्हॉल्व्हर घेतलंय, त्याला कधीतरी धमकी आलेली असते, किंवा रोकड घेऊन रात्री यावं लागतं. त्याच्यासाठी ती वस्तू म्हणजे रात्रीची झोप आहे. नेमबाज त्याला सहज म्हणून जातो, ‘पिस्तूल काय खिशात घालून फिरायची वस्तू आहे?’ आणि त्याला ऐकू येतं, ‘तुझी भीती खोटी आहे.’

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. कुणी ठाम विधान केलं की मी एवढंच विचारतो, ‘दादा, हे कशासाठी म्हणताय? मॅचसाठी, शेतासाठी की घरासाठी?’ निम्मे वाद तिथेच विरतात, कारण बोलणारे दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते हे त्यांनाच कळतं. आमच्याकडे एकदा .३२ बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप) कुचकामी आहे की नाही यावर तासभर जुंपली होती. हा प्रश्न विचारला तेव्हा कळलं, एकजण रानडुकराचा विचार करत होता आणि दुसरा दुकानाच्या शटरचा.

बोअरवरून आठवलं. या विषयात लोक जितके ठाम असतात तितकं ठाम असण्यासारखं काही नसतं. अमेरिकेत ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन गुन्हेगारांशी चकमक झाली. त्यात एफबीआयचे दोघे मारले गेले, पाच जखमी झाले. ९ मिलिमीटरची गोळी पुरेशी आत गेली नाही म्हणून दोष दारूगोळ्यावर आला, जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या झाल्या, नवी आणि मोठी काडतुसं आली. आणि पुढच्या तीसेक वर्षांत तीच एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरवर आली, कारण मधल्या काळात गोळ्याच सुधारल्या होत्या. ज्यांच्या माणसांचे जीव गेले होते त्यांनी पुरावा बदलल्यावर मत बदललं. आपल्याकडे तर ९ मिलिमीटर प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य परवानाधारकाला .३२ किंवा बारा बोअर यांसारख्या प्रतिबंधित नसलेल्या बोअरमधूनच निवडायचं असतं. जी वस्तू आपल्याला घेताच येत नाही तिच्यावरून मैत्री तोडू नये, असं मी कळकळीने सांगतो.

आता ज्या गोष्टीने माणसं खरोखर दुखावतात तिच्याकडे येतो. ती म्हणजे ‘मी असतो तर’.

आमच्या रेंजवर एक ताई यायच्या, रुग्णालयात नर्स. रात्रपाळी संपवून घरी जाताना त्यांचं मंगळसूत्र ओढलं गेलं. चहाच्या वेळी त्यांनी ते सांगितलं. त्या जागच्या हलल्या नव्हत्या, तोंडातून आवाजही फुटला नव्हता, असं म्हणाल्या. आणि आम्ही सहाजण सुरू झालो. एकाने कोपर कसं मारायचं ते उठून दाखवलं. दुसऱ्याने ‘निर्भीक’चा विषय काढला. निर्भीक म्हणजे कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेलं .३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर. तिसरा म्हणाला, ते पर्समधून काढेपर्यंत चोर पुढच्या चौकात पोचेल. मग त्या दोघांचीच लागली. मी म्हणालो, ‘निदान ओरडायला तरी हवं होतं.’ त्यांनी चहा संपवला, पिशवी उचलली आणि त्या गेल्या. चार महिने आल्या नाहीत.

मी पुढे त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या रागावलेल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, ‘सर, मान किती दिवस दुखत होती ते कुणी विचारलंच नाही.’

त्यानंतर मी या गोष्टीवर बराच विचार केला. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे एक पोलीस प्रशिक्षक, डेनिस ट्युलर, यांनी एक मोजमाप मांडलं होतं : चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि प्रशिक्षित पोलिसालाही पिस्तूल काढून नेम लावून गोळी झाडायला तेवढाच वेळ लागतो. लोक हा आकडा ‘एकवीस फुटांचा नियम’ म्हणून एकमेकांच्या तोंडावर फेकतात. ट्युलर यांनी नियम म्हणून तो सांगितलाच नव्हता. मला त्यातून दुसरंच दिसतं. दीड सेकंद. आपण चहाचा कप हातात धरून तासभर ज्याचं शवविच्छेदन करतो तो प्रसंग दीड सेकंदाचा असतो. आणि अशा वेळी अंग थिजणं हा भित्रेपणा नसतो, शरीरच तसं करतं. कितीही कराटे शिकलेल्या माणसाच्या बाबतीत ते होऊ शकतं.

आपली न्यायालयंसुद्धा हे समजून घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग खटल्यात आत्मसंरक्षणाची तत्त्वं एकत्र मांडली. जीवावर बेतलेला माणूस आपला प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलून करू शकत नाही, ही भूमिका त्या न्यायालयाने वेळोवेळी घेतली आहे. न्यायाधीश जो काटा बाजूला ठेवतात तो आपण चहाच्या टेबलावर का काढावा? तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय. कुणी स्वतःवर बेतलेला प्रसंग सांगितला तर त्या दिवशी सल्ला नाही. ‘आता कसं आहे?’ एवढं विचारायचं. तंत्र, शस्त्र, डावपेच पुढच्या आठवड्यात, आणि तेही त्या व्यक्तीनेच विषय काढला तर.

कायद्यावरून होणारी भांडणं त्यामानाने सोपी असतात, कारण तिथे कागद असतो. अडचण अशी, की प्रत्येकाला कागदाचा अर्धा भागच आठवतो. ‘घरात चोर शिरला की गोळी घालायचा हक्क आहे’ असं एक म्हणतो, ‘जीवावर आल्याशिवाय बोटसुद्धा लावता येत नाही’ असं दुसरा. भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली आहेत. त्यातलं ४१ वं उघडून मोठ्याने वाचा. मालमत्तेच्या रक्षणासाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत हक्क पोचतो तो जबरी चोरीत, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीत, राहत्या घराला लावलेल्या आगीत, किंवा चोरी अशा परिस्थितीत होत असेल की जीव जाण्याची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी. आणि हे सगळं ३७ व्या कलमाच्या मर्यादेत : पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. म्हणजे भर दुपारी सायकल घेऊन पळणाऱ्यावर गोळी नाही, पण रात्री दार फोडणाऱ्यासमोर हात बांधून बसायलाही कायदा सांगत नाही. दोघेही अर्धे बरोबर होते. छापील प्रत जवळ ठेवा. आमच्याकडे ती चहाच्या डब्यांच्या कपाटात असते आणि तिच्या कडा आता काळ्या पडल्या आहेत.

सरकारवरच्या रागाचं काय करायचं, हाही प्रश्न येतोच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे वाडवडिलांची तिसरी बंदूक होती त्यांच्या पोटात तुटलं. मूळ प्रस्ताव तर एकाच शस्त्राचा होता, संसदेत आक्षेप आले म्हणून दोन झाली. आमच्या सिंधुदुर्गात निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचं फर्मान येतं. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, आणि कोकणात ऑक्टोबर म्हणजे शेतात भात उभं. शेतकऱ्याचा राग खरा आहे. निवडणुकीच्या काळात गावात बंदुका नकोत म्हणणाऱ्याची काळजीही खरी आहे. अशा वादात मी दोघांनाही बोलू देतो, फक्त पक्षांची नावं निघाली की थांबवतो, कारण तिथून पुढे कुणाच्याही भाताबद्दल बोलणं होत नाही.

थांबवायचं कसं, ते रेंजनेच शिकवलंय. फायरिंग लाइनवर धोका दिसला तर ‘स्टॉप’ कुणीही ओरडू शकतं, कालच आलेला बारा वर्षांचा मुलगासुद्धा. ओरडल्याबरोबर सगळे शस्त्रं खाली ठेवतात, रिकामी करतात, नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालतात. चूक कुणाची हे नंतर. ऑलिंपिक पदकविजेता शेजारी उभा असला तरी त्यालाही हेच. आम्ही तोच शब्द चहाला लावला. कुणीही ‘स्टॉप’ म्हटलं की तो विषय त्या दिवसापुरता बंद, कारण विचारायचं नाही. पहिले काही रविवार अवघड गेले. आता बहुतेक वेळा तो शब्द वापरावाही लागत नाही, कुणी नुसतं कपाटाकडे बघितलं तरी पुरतं. माझे वडील हेच वेगळ्या शब्दांत सांगायचे : ‘बंदूक हातात आसताना आवाज वाढवूचो नाय.’ डुकरांमागे धावताना ओरडणाऱ्या चुलतभावाच्या हातातून त्यांनी एकदा बंदूक काढून घेतली होती आणि तो हंगाम संपेपर्यंत परत दिली नव्हती.

एका बाबतीत मात्र सभ्यतेचा विचार करत बसू नका. कुणी ठरावीक माणसाचं नाव घेऊन ‘त्याला एकदा दाखवतोच’ म्हणत असेल, विनापरवाना गावठी कट्टा कुठे मिळतो अशी चौकशी करत असेल, लग्नात हवेत बार काढल्याची फुशारकी मारत असेल, तर ती चर्चा राहत नाही. हवेत निष्काळजीपणे बार काढण्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, हे सरळ सांगा. धमकी असेल तर पोलिसांना कळवा. आणि परवानाधारक मित्र अचानक गप्प झाला, कर्ज किंवा घरचं दुःख बोलून दाखवू लागला, ‘आता काही राहिलं नाही’ म्हणू लागला, तर त्याच्या शेजारी बसा आणि जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारा. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या, आणि शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवायला त्याच दिवशी लावा. असं एकदा मला करावं लागलं आहे. तो मित्र माझ्याशी सहा महिने बोलला नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आता तुमचे ते दोघे. त्यांना निरोप पाठवू नका, घरी जा. रेंजचा विषय तुम्ही काढू नका. मुलांचं, कामाचं बोला. त्यांनी काढला तर ऐका, आणि त्या दिवशी नेमकं कोणतं वाक्य लागलं ते विचारा. बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, आणि ते बोलणाऱ्याला आठवतही नसतं. ज्याने ते म्हटलं त्याला नंतर सांगा, पुढचं तो बघेल. आणि जाल तेव्हा एकटेच जा. चौघे मिळून गेलात तर त्यांना वाटेल, समजूत घालायला पंच आलेत.